‘रन’चे 645 अर्थ: मोजले कोणी, मोजले कसे?

इंग्रजीतला सर्वांत जास्त अर्थांचा शब्द कोणता, या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे ‘सेट’ असे दिले जाई. 1989 साली वीस खंडांत निघालेल्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे 430 हून अधिक अर्थ नोंदवले होते आणि ती एकच नोंद सुमारे 60,000 शब्दांची होती. 2011 साली हा मान ‘रन’कडे गेला. शब्दकोशाच्या सुधारित आवृत्तीसाठी संपादक पीटर गिलिव्हर यांनी या तीन अक्षरी क्रियापदावर नऊ महिने काम केले आणि 645 अर्थ हाती आले. तेव्हापासून हा आकडा सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आणि प्रश्नमंजूषांत मिरवतो आहे. त्यामागे बहुधा एक समजूत असते: एका शब्दाला इतके अर्थ असतील तर ती भाषा विलक्षण श्रीमंत असली पाहिजे, नाहीतर विलक्षण गोंधळाची तरी. आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेले हे दोन्ही निष्कर्ष टिकत नाहीत. शब्दकोशाची चाळणी किती बारीक होती, हे त्या आकड्यातून कळते. आणि कोणत्याही भाषेत रोजच्या वापरातले छोटे शब्दच सर्वांत जास्त राबतात, हेही कळते.

आधी या शब्दाचा पसारा पाहू. ‘रन’ मूळचा जर्मानिक घराण्यातला. जर्मन ‘रेनेन’ हा त्याचा भाऊबंद. प्राचीन इंग्रजीपासून तो माणसाच्या किंवा घोड्याच्या धावण्यासाठी वापरला गेला आणि पाण्याच्या वाहण्यासाठीही. या दोन प्रवाहांतून बाकीचे फाटे फुटले. नदी ‘रन’ होते, नाक ‘रन’ होते, कपड्याचा रंग धुताना ‘रन’ होतो. गाडी, गिरणी, संगणकाचा प्रोग्राम ‘रन’ होतो. दुकान ‘रन’ करता येते, नाटकाचे वर्षभर ‘रन’ होते, वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करते, अंगात ताप ‘रन’ होतो आणि घरातली साखर ‘रन आउट’ होते. क्रिकेटमधल्या ‘रन’ची वाटचाल विशेष पाहण्यासारखी आहे. अठराव्या शतकात काठीवर खाचा पाडून गुण मोजत, म्हणून गुणालाही ‘नॉच’ म्हणजे खाच म्हणत. पुढे यष्ट्यांमधल्या पळण्यावरून ‘रन’ रूढ झाला. चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा न हलताही चार ‘रन’ मिळवतो. मराठीने ‘धाव’ शब्द घेतला तेव्हा तोही याच वाटेने गेला. चौकाराच्या चार धावांसाठी कोणी धावत नाही, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. बँकेवरच्या ‘रन’चेही तसेच. 2007 साली ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारांत ठेवीदारांच्या रांगा लागल्या, तेव्हा निदान माणसे बँकेकडे गेली तरी होती. मार्च 2023 मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत एका दिवसात सुमारे 42 अब्ज डॉलर काढून घेण्याच्या मागण्या आल्या. बहुतेकांनी त्या घरबसल्या केल्या होत्या. तरी इंग्रजीने त्याला ‘रन’च म्हटले. शब्दाचा मूळ अर्थ असा गळून पडतो आणि त्याच्या घडणीतला एखादा धागा तेवढा पुढे जातो. इथे तो धागा एकाच दिशेने सुटलेल्या लोंढ्याचा आहे.

आता मोजणीकडे वळू. 1755 साली सॅम्युअल जॉन्सनने 42,773 नोंदींचा कोश काढला. ‘गेट’, ‘पुट’, ‘सेट’, ‘रन’, ‘मेक’, ‘टेक’ अशी क्रियापदे कोशकाराला कशी दमवतात, याबद्दलची त्याची तक्रार त्याच्या प्रस्तावनेत आहे. ऑक्सफर्डच्या कोशाचे तत्त्व ऐतिहासिक आहे. शब्द कधी, कोणत्या अर्थाने, कोणत्या मजकुरात आला हे तारखेसह दाखवायचे आणि वापरात नसलेला अर्थही गाळायचा नाही. 1928 साली पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत याच तत्त्वाने अठरा लाखांहून अधिक अवतरणे दिली होती. अशा कोशात घोड्याचे, जहाजाचे आणि बातमीचे ‘रन’ वेगवेगळे मांडावेच लागते. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने 1985 पासून तयार झालेल्या ‘वर्डनेट’ या संगणकीय कोशाचा हेतू वेगळा होता. त्याला शब्दांचा इतिहास नको होता, आजच्या शब्दांचे परस्परसंबंध हवे होते, आणि ‘रन आउट’सारखी जोडक्रियापदे तो स्वतंत्र नोंदी धरतो. त्यात ‘रन’ या क्रियापदाचे 41 आणि नामाचे 16 अर्थ आहेत. शब्द एकच, भाषा एकच, काळही फारसा दूरचा नाही. तरी एकीकडे 645 आणि दुसरीकडे 41. यांतला कोणताही आकडा चूक नाही. अर्थ झाडावरच्या फळांसारखे सुटे लटकलेले नसतात. ते एकमेकांत मिसळलेले असतात आणि त्यांच्यामध्ये रेघ कुठे ओढायची हे कोशकार ठरवतो. ब्रिटिश संगणकीय भाषाशास्त्रज्ञ अॅडम किलगॅरिफ यांनी 1997 साली एका निबंधाच्या शीर्षकातच शब्दांच्या सुट्या अर्थांवर आपला विश्वास नसल्याचे जाहीर केले होते. शब्दाचे असंख्य वापर असतात आणि कामाच्या सोयीनुसार आपण त्यांचे गट पाडतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

मग ‘रन’लाच इतके वापर का मिळाले? इंग्रजी लेखक सायमन विंचेस्टर यांनी 2011 साली याचे एक आकर्षक उत्तर दिले. औद्योगिक क्रांतीने यंत्रे, आगगाड्या आणि गिरण्या आणल्या, त्या सगळ्या ‘रन’ होऊ लागल्या. ‘सेट’ हा स्थिर जगाचा शब्द होता, ‘रन’ हा धावपळीच्या काळाचा शब्द आहे, असा त्यांचा मुद्दा होता. यंत्रयुगाने या शब्दाला नवी कामे दिली हे मान्यच करावे लागेल. पण वेगाच्या युगात वेगाचाच शब्द वाढतो, हे अनुमान शेजारच्या भाषांनी खोटे ठरवले आहे. फ्रान्समध्येही त्याच सुमारास यंत्रे आली, आणि फ्रेंचमध्ये यंत्र ‘मार्श’ करते, म्हणजे चालते. मराठीतही घड्याळ चालते, गिरणी चालते, दुकान चालते, नाटक चालते, खटला चालतो आणि ‘चहा घेणार का?’ या प्रश्नाला ‘चालेल’ असे उत्तरही चालते. इंग्रजीतच पाहा: निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो. मराठी उमेदवारही उभाच राहतो. म्हणून अमेरिकेचे राजकारण वेगवान आणि आपले ठप्प, असे कोणी म्हणणार नाही. एखाद्या भाषेने नव्या कामासाठी धावणे निवडले की चालणे की उभे राहणे, हा रूढीचा भाग आहे. निवड मात्र बहुधा आधीपासून हाताशी असलेल्या, सोप्या क्रियापदांतूनच होते.

त्याचे कारण वापराच्या हिशेबात आहे. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज किंग्जली झिफ यांनी 1945 साली दाखवले, की शब्द जितका वारंवार वापरला जातो तितके त्याचे अर्थ अधिक असतात. त्यांच्या मांडणीनुसार अर्थांची संख्या साधारणपणे वारंवारितेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. 2012 साली पियान्टाडोसी, टिली आणि गिब्सन या संशोधकांनी यामागचा व्यवहार मांडला. संदर्भावरून अर्थ कळणारच असेल, तर प्रत्येक अर्थासाठी नवा लांब शब्द घडवण्यापेक्षा आखूड, उच्चारायला सोपा शब्द पुन्हा वापरणे बोलणाऱ्याला स्वस्त पडते. हा नियम इंग्रजीपुरता नाही, हे पाहायला मराठीतले ‘लागणे’ पुरेसे आहे. आग लागते, भूक लागते, ठेच लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो. आंब्याला मोहोर लागतो, कामाला माणसे लागतात, आमटी खारट लागते, मूल रडू लागते, आईला उठावे लागते आणि कोणी तरी कोणाचा मामा लागतो. फलाटावर गाडी लागते, आणि घाटात कोणाला तरी तीच गाडी वेगळ्या अर्थाने लागते. या क्रियापदाला ऑक्सफर्डसारखे नऊ महिने आणि तसा अवतरणांचा साठा मिळाला, तर त्याची नोंदही कितीतरी पाने घेईल. इंग्रजीच्या मोठ्या आकड्यात इंग्रजीच्या श्रीमंतीइतकाच तिच्या कोशकारांच्या चिकाटीचा वाटा आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की इतकी अनेकार्थता घातक असते. 1960 साली येहोशुआ बार-हिलेल यांनी यांत्रिक भाषांतराच्या मर्यादा दाखवताना हेच हत्यार वापरले होते. ‘पेन’ म्हणजे लेखणी आणि ‘पेन’ म्हणजे लहान मुलाला खेळायला केलेले कुंपण. खोका पेनमध्ये आहे, या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात कोणता पेन हे ठरवायला जगाचे ज्ञान लागते, आणि ते यंत्राकडे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अडचण खरी होती. पण शब्दांचे अर्थ कमी करून ती सुटली नाही. शब्द कोणाच्या संगतीत येतो हे प्रचंड मजकुरातून यंत्राला शिकवल्यावर ती बरीचशी हटली. माणूसही तेच करतो. जिथे संदर्भावर विसंबणे धोक्याचे असते, तिथे समाज व्याख्या ठरवतो. कायद्याच्या आरंभीच व्याख्यांचे कलम असते, आणि क्रिकेटच्या नियमावलीत ‘रन’ केव्हा पूर्ण झाली हे स्पष्ट लिहिलेले असते. रोजच्या बोलण्याला इतक्या बंदोबस्ताची गरज पडत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. अर्थ संदर्भच ठरवणार असेल, तर शब्दाला स्वतःचे काही उरते का, आणि कोशाची गरज तरी काय? गरज आहे, कारण संदर्भ मदत करतो, रूढी सांगत नाही. इंग्रजीत नाक ‘रन’ होते हे माहीत नसलेल्याला ते नुसत्या तर्काने बोलता येणार नाही. तो नाक ‘वॉक’ होते असेही म्हणेल.  शब्दाची लवचीकता मोठी असली तरी तिला बांध असतात, ते भाषकांनी घातलेले असतात, आणि ते नोंदवणे हेच कोशकाराचे काम. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने ‘रन’समोर अर्थांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नये. नाक, दुकान, बातमी, ताप, निवडणूक अशा सोबत्यांसह तो शब्द वाक्यातच उचलावा.

मराठीकडे मोल्सवर्थचा 1831 चा कोश आहे, त्याची 1857 ची वाढवलेली आवृत्ती आहे, आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखाली 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोश आहे. त्यानंतरच्या दशकांत मराठीतही मोबाइल लागू लागला आणि बंद पडलेला चॅनेल लागेनासा झाला. अशा रोजच्या वापरांची तारीखवार, अवतरणांसह नोंद करायला मराठी विद्यापीठांनी, साहित्यसंस्थांनी आणि जुने अंक जपणाऱ्या ग्रंथालयांनी एकत्र यावे. सुरुवात अवघड पारिभाषिक शब्दांपासून करू नये. लागणे, चालणे, पडणे, बसणे आणि काढणे या पाच क्रियापदांपासून करावी.