पंगतीचा हिशेब

सहस्रचंद्रदर्शन, मुंज वा विवाह अशा मंगलप्रसंगी अन्न कमी पडू नये, ही प्रत्येक यजमानाची इच्छा असते. त्यापोटी ताटांचा आकडा वाढवला जातो आणि अंदाजपत्रक कोलमडते. वास्तविक, केटररशी व्यवहार करताना ताटाच्या दराइतकीच महत्त्वाची असते ती किमान ताटांची हमी. पाहुणे कमी जेवले, तरी हमीच्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात.

उदाहरणार्थ, 350 रुपये दराने 300 ताटांची हमी दिल्यास खर्च 1,05,000 रुपये होतो. 5 टक्के वस्तू व सेवा कर लागू असल्यास 1,10,250 रुपये. प्रत्यक्षात 250 जणच जेवले, तर 50 ताटांचे करासह 18,375 रुपये व्यर्थ जातात.

यास्तव निमंत्रितांची यादी कुटुंबवार करावी. मुक्कामी येणारे, केवळ भोजनास येणारे व लहान मुले यांची संख्या स्वतंत्र लिहावी. हमी खात्रीच्या संख्येइतकीच द्यावी. जादा ताटे किती व कोणत्या दराने मिळतील, अंतिम आकडा कधीपर्यंत कळवायचा, वाढपी व भांडी दरात अंतर्भूत आहेत काय, हे लेखी ठरवावे. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा वा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक छापणे 2022 पासून बंधनकारक आहे. तो आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच पाहावा. ही रक्कम धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी व पावती जपावी.

जिलबी आणि श्रीखंड दोन्ही ठेवण्यापेक्षा एकच पक्वान्न आग्रहाने वाढावे. पाहुणे तृप्त होतात आणि यजमानही निश्चिंत राहतो.