स्नायू न कापता मणक्यापर्यंत

कमरेतली चकती सरकून नस दाबली गेली की कळ पायात उतरते. बहुतेकांना औषधे आणि विश्रांतीने आराम पडतो. काहींना मात्र शस्त्रक्रिया लागते. जुन्या पद्धतीत पाठीचे स्नायू हाडापासून सोडवून ताणून धरत, आणि नंतरचे बरेचसे दुखणे त्या ओढाताणीचेच असे.

१९९७ मध्ये केविन फोली आणि मॉरिस स्मिथ या अमेरिकी न्यूरोसर्जननी नळीची वाट दाखवली. एक्स-रे पाहत बारीक सळई हाडापर्यंत न्यायची, तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवायच्या. स्नायूचे तंतू कापले न जाता बाजूला होतात. शेवटची नळी टेबलाला पक्की करून आतल्या काढून घेतल्या की साधारण दोन सेंटिमीटरच्या छेदातून काम सुरू होते.

पण दोन मणके स्क्रूने जोडायचे असले की ही नळी अपुरी पडते. तिथे पसरणारी नळी कामी येते. ती मिटलेली आत जाते आणि छत्रीसारखी तळाशी उघडते. वरचा छेद तेवढाच, आतली जागा मोठी. या नळीची उघडणारी पाती फार वेळ ताणून ठेवली तर मात्र स्नायूचा रक्तपुरवठा दबतो.

छोट्या छेदाला भुलू नये, असे मला मनापासून वाटते. साध्या चकतीच्या शस्त्रक्रियेत वर्षभरानंतर दोन्ही पद्धतींच्या रुग्णांत फारसा फरक उरत नाही. डॉक्टरांचा हात कोणत्या पद्धतीत बसला आहे, हे आधी विचारावे.