"गुरुजींना सांगीन हं!"

"गप बस, नाहीतर गुरुजींना सांगीन हं!" ही धमकी ज्या घरात ऐकू येत नाही, असं घर गावात शोधूनच काढावं लागेल. बागुलबुवा झाला, पोलीस झाला, त्यांच्याच रांगेत आपण गुरुजींनाही उभं केलं. मग जूनमध्ये पोर पहिलीच्या दाराशी आईचा पदर सोडत नाही, यात नवल ते काय?

मंडळी, चार वर्षांचं मूल हट्टानं जमिनीवर लोळतं, ते आपल्याला छळावं म्हणून नव्हे. मनाला आवर घालणं हे मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं काम, आणि तो भाग पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते. तोवर हा आवर मोठ्या माणसाकडून उसना घ्यावा लागतो. भीतीनं रडणं थांबतं खरं, पण राग आत तसाच राहतो. त्यापेक्षा जवळ बसावं. "गाडी मोडली म्हणून राग आलाय, होय ना?" एवढंच म्हणावं. रागाला शब्द मिळाला की मूल हळूहळू हात उगारण्याऐवजी तोंडानं सांगू लागतं. हट्ट मात्र पुरवू नये. राग आलेला चालेल, धाकटीला मारलेलं चालणार नाही, हे त्याला समजतं.

आता धिटाईचं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली; गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरली. अंगण ओळखीचं, बी ओळखीचं, मग पोर बुजेल कशाला?

घरीही तेच. शेंगा सोलू द्या, सदऱ्याची गुंडी त्याची त्याला लावू द्या, पंगतीत पाणी वाढू द्या. सांडलं तर रागावण्याऐवजी फडकं हाती द्या. (सकाळच्या घाईत हे जमत नाही, कबूल, संध्याकाळी जमतं.) आणि पाहुण्यांपुढे "आमचा बुजराच आहे" म्हणू नका, पोर ते ऐकत असतं.

शिक्षकांनाही एक सांगायचं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारण्याला बंदी केली, तशी मानसिक छळालाही. वर्गात कुणाला "ढ" म्हणणं त्यातच मोडतं. पहिल्या आठवड्यात दाराशी जाऊन मुलाच्या उंचीला बसून बोलावं, आईला थोडा वेळ वर्गात बसू द्यावं. आईनंही डोळा चुकवून पळू नये. "शाळा सुटली की न्यायला येते" असं सांगून निघावं, आणि शाळा सुटताना दाराशी हजर असावं.