शाळेची सनद आणि लोकांचे मत

नव्या शाखेचा प्रस्ताव तयार करण्यापूर्वी आपण त्या परिसराची पाहणी करतो. वस्ती किती, व्यवसाय कोणते, आठवड्याचा बाजार कोणत्या वारी भरतो, बसथांबा कोठे आहे, याची नोंद झाल्यावरच जागा निश्चित होते. नवी शाळा काढतानाही असेच व्हावे, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल. अमेरिकेतील ‘चार्टर’ शाळांचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

चार्टर म्हणजे सनद. या शाळांना पैसा सरकारचा, शिक्षण विनाशुल्क, आणि जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास प्रवेश सोडतीने. कारभार मात्र स्वतंत्र विश्वस्त मंडळाकडे असतो. सनद ठरावीक मुदतीची असते आणि कामगिरी असमाधानकारक ठरल्यास तिचे नूतनीकरण होत नाही. असा कायदा प्रथम मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. पहिली शाळा १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात सुरू झाली. अनुदान विद्यार्थिसंख्येनुसार मिळत असल्याने पालकांनी पाठ फिरवली की अंदाजपत्रकच कोलमडते. कर्जप्रस्ताव तपासणाऱ्यांना यातील जोखीम वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

लोकांना न विचारता शाळा उभ्या राहिल्या तर काय घडते, याचे ठळक उदाहरण न्यू ऑर्लिन्स शहराचे आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने हे शहर पाण्याखाली गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुइझियाना राज्याने कायदा करून तेथील बहुसंख्य सार्वजनिक शाळा स्थानिक, लोकनिर्वाचित मंडळाकडून स्वतःच्या ताब्यात घेतल्या. पुढील काही वर्षांत त्या टप्प्याटप्प्याने चार्टर संस्थांकडे गेल्या. त्या वेळी पालक होते कोठे? हजारो कुटुंबे ह्यूस्टन, अटलांटा अशा दूरच्या शहरांत आसऱ्याला होती. सात हजारांहून अधिक शालेय कर्मचारी सेवेतून कमी करण्यात आले. त्यांत कृष्णवर्णीय शिक्षकांची संख्या मोठी होती. ज्यांच्या मुलांसाठी योजना आखली जात होती, ते सभागृहात नव्हतेच.

पुढे परीक्षांचे निकाल सुधारले, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु घराजवळची शाळा ही कल्पनाच मोडली. मुले शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बसने जाऊ लागली. काहींना उजाडण्यापूर्वी थांब्यावर उभे राहावे लागे. ज्या शाळेत आजोबा आणि वडील शिकले, तिचे दार बंद झाल्याचे दुःख निकालपत्रकात दिसत नाही. तक्रार होती ती नेमकी याची. २०१६ मध्ये राज्याने पुन्हा कायदा केला आणि २०१८ मध्ये या शाळांची देखरेख स्थानिक मंडळाकडे परत आली. २०२४ मध्ये तर मंडळाने स्वतः थेट चालविण्यासाठी एक शाळा उघडली. तिला शहराच्या ख्यातनाम सुगरण लिआ चेस यांचे नाव देण्यात आले.

न्यूयॉर्क राज्याने वेगळी वाट धरली. तेथील चार्टर कायदा १९९८ चा. २०१० मध्ये शाळांची कमाल संख्या २०० वरून ४६० करताना त्यात एक अट घालण्यात आली. अर्जदाराने परिसरातील लोकांचे मत मागविले आणि आलेल्या सूचनांची दखल घेतली, हे अर्जातच दाखवून द्यावे लागते. माझ्या मते यातील दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. सभा घेणे सोपे. सभेनंतर मूळ आराखड्यात काय बदलले हे लिहून देणे अवघड.

सभेची रीतही महत्त्वाची. दुपारी तीन वाजता बोलावलेल्या सभेला दोन पाळ्यांत राबणारी आई येणार कशी? म्हणून चर्च, ग्रंथालय, सार्वजनिक धुलाईकेंद्र अशा ठिकाणी जाऊनच लोकांना गाठावे लागते. स्पॅनिशभाषक वस्तीत दुभाषी लागतो, तान्ह्या मुलांना सांभाळणारे कोणी लागते. ‘चांगली शाळा हवी का?’ या प्रश्नाला कोण नाही म्हणेल? शाळा सुटण्याची वेळ कोणती, बस कोठवर येईल, दिव्यांग मुलाची सोय काय, असे विचारले की खरी उत्तरे मिळतात. निवेदनावरील सह्यांवर तर फारशी भिस्त ठेवू नये. मोहिमेत उघडलेल्या शून्य शिलकीच्या किती खात्यांत पुढे व्यवहार होतो, हे आपण जाणतोच.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. पुढच्याच कलमात शाळा विकास आराखड्याचे काम या समितीकडे दिलेले आहे. मात्र ती स्थापन होते शाळा सुरू झाल्यावर; शाळेची जागा आणि माध्यम तोवर ठरून गेलेले असते.