मेमरी कार्डातील गाण्यांची नोंद

वर्षभरात देशात सर्वाधिक डाउनलोड झालेली गाणी कोणती, या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनमध्ये आकड्यांत देता येते. कारण तेथे डाउनलोड म्हणजे विक्री आणि विक्री म्हणजे नोंद, आणि अशा विक्रीची साप्ताहिक क्रमवारी तेथे सप्टेंबर २००४ पासून प्रसिद्ध होत आली आहे. हाच प्रश्न हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात असलेल्या जवळा बाजारसारख्या बाजारपेठेच्या गावाविषयी विचारला, तर उत्तराचा शोध कंपन्यांच्या हिशेबवह्यांत घेऊन भागत नाही, तो मोबाइलच्या दुकानांतच घ्यावा लागतो.

स्वस्त इंटरनेट येण्यापूर्वीच्या दशकात मराठवाड्यातील अशा गावांत गाणी मिळवण्याचा मार्ग म्हणजे ‘कार्ड भरून घेणे’ हा होता. आठवडी बाजाराला आलेला तरुण आपले मेमरी कार्ड, म्हणजे फोनमध्ये बसणारी नखाएवढी साठवणपट्टी, दुकानदाराच्या हाती देई. दुकानदार ती कार्ड रीडरमध्ये घालून संगणकाला जोडी आणि भक्तिगीते, भीमगीते, लोकगीते, डीजे, नवीन पिक्चर अशा नावांच्या फोल्डरांतून मागणीप्रमाणे गाणी उतरवून देई. चार मिनिटांचे एमपीथ्री गाणे, म्हणजे आवाजाची माहिती आटवून लहान केलेली फाइल, साधारण चार एमबीचे असल्याने दोन जीबीच्या कार्डावर पाचशेच्या आसपास गाणी मावत. हा व्यवहार १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बसणारा नव्हता आणि त्यातून गीतकार, संगीतकार, गायक यांच्या हाती काहीच पडत नव्हते, ही त्याची खरी वेदनादायक बाजू होय. परंतु ग्रामीण महाराष्ट्राची आवड सर्वांत प्रामाणिकपणे उमटली तीही येथेच, कारण कार्डावरील जागा मोजकी असल्याने नको असलेले गाणे कोणी ठेवत नसे.

नोंद झाली ती कॉलर ट्यूनची, म्हणजे फोन करणाऱ्याला घंटीऐवजी ऐकू येणाऱ्या गाण्याची. तिचे पैसे ग्राहकाच्या रिचार्जमधून परस्पर कापले जात असल्याने कंपन्यांकडे तिचा हिशेब राहिला. गाणे विकत घेऊन डाउनलोड करण्याची सोय फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ या नावाने केली खरी, पण ती पुढच्याच वर्षी बंद झाली. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’ वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, जीपगाड्यांत सर्वत्र वाजू लागले. त्या वर्षीचे सर्वाधिक लोकप्रिय मराठी गाणे म्हणून त्याचे नाव घेण्यास फारसा कोणाचा आक्षेप असणार नाही, मात्र ते किती कार्डांवर चढले हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला, आणि गाणे साठवून ठेवण्याऐवजी इंटरनेटवरून थेट ऐकण्याची, म्हणजे स्ट्रीमिंगची, सवय खेड्यापर्यंत पोहोचली.

आता प्रत्येक ऐकण्याची मोजणी होते; पण मोजणी होणे आणि दखल घेतली जाणे या भिन्न गोष्टी आहेत. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री’ या संघटनेने जून २०२१ मध्ये भारतातील साप्ताहिक क्रमवारी सुरू केली, तीही केवळ आंतरराष्ट्रीय गाण्यांची. चौदा एप्रिलच्या आगेमागे मराठवाड्यात भीमगीतांना जी प्रचंड मागणी येते, तिला अशा क्रमवारीत जागाच नाही.

जुन्या दुकानांतील संगणक आता भंगारात निघत आहेत. हिंगोली जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने किंवा एखाद्या जिल्हा ग्रंथालयाने या संगणकांच्या हार्ड डिस्कमधील फोल्डरांच्या याद्या तरी, गाणी न उतरवता, करून घ्याव्यात: फाइलचे नाव, ती संगणकावर आल्याची तारीख आणि दुकानाचे गाव, एवढ्या तीन रकान्यांतूनही कोणते गाणे कोणत्या वर्षी कोणत्या बाजारात पोहोचले याचा माग लागू शकतो, आणि ज्या स्थानिक शाहिरांची व गायकांची गाणी कोणत्याही कंपनीच्या सूचीत नाहीत, त्यांची नावे निदान त्या यादीत सापडतील.