मुक्या चुकांचा माग



घरखर्चाची बेरीज करण्यासाठीं कोणी एकानें एक लहानसें वेबपान रचिलें आहे, अशी कल्पना करा. एका चौकटींत दुधाचे ५०० रुपये लिहिले, दुसरींत भाजीचे ५० लिहिले आणि बटण दाबलें. पण कांहींच घडलें नाहीं. आपल्याच हातून कांहीं चुकलें असावें, असें समजून बिचारा गृहस्थ बटण पुनःपुन्हां दाबीत राहतो. वस्तुतः दोष पानाचा आहे आणि त्याची नोंदही झालेली आहे. मात्र ती पडद्याआड आहे. ती कशी वाचावी, हें आज पाहावयाचें आहे.

वेबपानास चलनवलन देणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं तिचा पहिला नमुना १९९५ सालीं अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला. या भाषेंतील एखादी आज्ञा फसली कीं ब्राउझर पुढील काम तेथेंच सोडून देतो, परंतु वाचकाला त्याची वार्ता देत नाहीं. क्रोम किंवा फायरफॉक्समध्यें एफ-१२ ही कळ दाबली म्हणजे विकसकांचीं साधनें उघडतात. त्यांतील 'कन्सोल' ही ब्राउझरची रोजनिशीच होय. ती उघडी ठेवून पान पुन्हां आणावें.

तेथें तांबड्या रंगांत चुकीचा प्रकार व वर्णन आणि उजव्या कडेला फाइलीचें नांव व ओळीचा क्रमांक दिसतो. ओळख करून न दिलेलें नांव वापरलें तर 'रेफरन्सएरर'. एखाद्या मूल्याला न साधणारें काम सांगितलें तर 'टाइपएरर'. आपल्या पानावर टाइपएरर निघाला, आणि तोही बटण दाबण्याच्या आधींच! दाखविलेली ओळ तर निर्दोष आहे. मग चूक कोठें? बटण पानावर अवतरण्यापूर्वींच आज्ञावली धावली आणि बटणाच्या जागीं तिला 'नल', म्हणजे कांहींच नाहीं, असें उत्तर मिळालें. स्वतंत्र फाइलींतील आज्ञावलीस 'डिफर' हा शब्द जोडला कीं ती पान पूर्ण वाचून झाल्यावर धावते.

आतां बटण चालूं लागलें. पण बेरीज आली ५००५०! कन्सोलमध्यें एकही तांबडी ओळ नाहीं. अशा वेळीं क्रोममधील 'सोर्सेस' किंवा फायरफॉक्समधील 'डीबगर' हा विभाग उघडावा आणि बेरजेच्या ओळीच्या क्रमांकावर टिचकी मारावी. यास ब्रेकपॉइंट म्हणतात. पुन्हां बटण दाबतांच आज्ञावली त्या ओळीपाशीं थबकते आणि त्या क्षणींचीं मूल्यें बाजूस दिसतात. दोन्ही रकमांभोंवतीं अवतरणचिन्हें आहेत. चौकटींतून आलेला मजकूर हा संख्या नसून अक्षरें असतात, आणि अक्षरांमध्यें अधिक चिन्ह घातलें कीं तीं एकमेकांस जोडलीं जातात. बेरजेपूर्वीं त्यांचें संख्येंत रूपांतर केलें म्हणजे ५५० हें खरें उत्तर येतें.

सारांश, कन्सोल दाखवितो ती जागा चूक उघडकीस आल्याची. तिचा उगम अन्यत्र असूं शकतो. आणि कन्सोल गप्प आहे एवढ्यावरून हिशेब बरोबर आहे, असें मानूं नये. ज्याचें उत्तर आपणांस आधींच ठाऊक आहे असें एक उदाहरण पानास घालून पाहावें, आणि मगच त्यावर घरखर्च सोंपवावा.