रुग्णालय-जहाजावरील एक दिवस

वरच्या वर्गांतील विद्यार्थी कधीं कधीं आम्हांस विचारतात, "मंडळीच्या वतीनें परदेशीं सेवेस गेलेली माणसें दिवसभर करतात तरी काय?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. थोड्या दिवसांसाठीं परक्या देशांत गेलेल्या पाहुण्याच्या हातून तेथील लोकांचें खरेंखुरें हित होतें काय, कीं तो केवळ आपल्या मनाचें समाधान करून परत येतो? पालकांनाही हा प्रश्न पडतो, कारण प्रवासाचा पैसा बहुधा त्यांनाच मोजावा लागतो. या दोन्ही प्रश्नांचा विचार एका उदाहरणावरून करूं. तें उदाहरण आहे 'मर्सी शिप्स' या ख्रिस्ती संस्थेच्या रुग्णालय-जहाजांचें.

ही संस्था डॉन स्टीव्हन्स व त्यांच्या पत्नी डियॉन यांनीं १९७८ सालीं स्थापन केली. तिचें पहिलें जहाज 'अनास्तासिस'. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ पुनरुत्थान असा आहे, आणि त्या जहाजाला तें नांव शोभलेंही. १९५३ सालीं इटलींत तें बांधलें गेलें, तेव्हां त्याचें नांव 'व्हिक्टोरिया' होतें. उतारू घेऊन तें इटलीहून मुंबईच्या बंदरास येई व तेथून पुढें पूर्वेकडे जाई. उतारवयांत त्यास रुग्णालयाचें रूप मिळालें. अनेक वर्षें आजाऱ्यांची सेवा करून २००७ सालीं तें गुजरातेंतील अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघालें. त्याच सालीं 'आफ्रिका मर्सी' हें जहाज कामास लागलें. तें पूर्वीं डेन्मार्कमध्यें आगगाड्यांचे डबे पाण्यापलीकडे नेत असे. त्यानंतरचें 'ग्लोबल मर्सी' मात्र मुद्दाम रुग्णालय म्हणूनच चीनमध्यें बांधविलें. तें १७४ मीटर लांब असून त्यांत शस्त्रक्रियेच्या ६ खोल्या व सुमारें २०० खाटा आहेत. २०२३ सालीं तें पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओन देशाच्या फ्रीटाउन बंदरांत दाखल झालें.

जमिनीवर रुग्णालय न बांधतां जहाज कशासाठीं, असें कोणी विचारील. शस्त्रक्रियेस नुसता कुशल हात पुरत नाहीं. अखंड वीज, शुद्ध पाणी, निर्जंतुक हत्यारें, भूल देणारा जाणता मनुष्य व नंतरची शुश्रूषा, यांपैकीं एकही गोष्ट उणी पडली तर रोग्याच्या जिवावर बेतते. जगांतील सुमारें ५०० कोटी लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाहीं, असें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानें २०१५ सालीं दाखवून दिलें. जहाज आपली वीज, आपलें पाणी व आपलीं हत्यारें बरोबर घेऊनच येतें, व महिनोन्महिने धक्क्यास लागून उभें राहतें.

आतां तेथील दिवस कसा जातो तें पाहूं. सकाळीं रात्रपाळीच्या परिचारिका दिवसपाळीच्या परिचारिकांस एकेका रोग्याची हकीकत सांगून काम सोंपवितात. त्यांच्या शेजारीं त्या देशांतील दुभाषी उभे असतात, कारण रोग्यास इंग्रजी येत नाहीं व परिचारिकेस क्रिओ किंवा मेंडे भाषा येत नाहीं. "दुखतें काय?" एवढें विचारावयासही येथें तिसऱ्या माणसाचें तोंड लागतें. खाटेवर रोगी, आणि त्याच खाटेखालीं अंथरलेल्या गादीवर त्याच्या सोबतीस आलेली आई किंवा बहीण, असा तेथें रिवाज आहे. कोणाच्या जबड्यावर वर्षानुवर्षें वाढत गेलेली गांठ असते, कोणाचें अंग भाजून कातडी आखडलेली असते, कोणा मुलाचे पाय धनुष्यासारखे वांकलेले असतात. शस्त्रक्रियेबद्दल त्यांच्याकडून पैसा घेत नाहींत.

एवढें ऐकून पुष्कळांस वाटेल, तेथें डॉक्टरच जात असतील. तसें नाहीं. शेंकडों माणसें राहतात तेथें स्वयंपाकी हवा, जमीन पुसणारा हवा, कपडे धुणारा हवा. यंत्रें चालविणारे, विजेचें काम जाणणारे, हिशेबनीस, सुतार व खलाशी हवेत. स्वयंसेवकांचीं मुलेंबाळें बरोबर असतात, म्हणून शिक्षकही हवेत. शस्त्रक्रियेच्या खोलींतील चादर स्वच्छ नसेल तर शल्यवैद्याचें कौशल्य वायां जाईल. म्हणून धुलाईखान्यांत दिवसभर उभा राहणारा स्वयंसेवक शस्त्रक्रियेचा भागीदारच होय. ह्या लोकांस पगार नाहीं. उलट बहुतेकांस आपला प्रवासखर्च व जहाजावरील राहण्याजेवण्याचा खर्च स्वतः भरावा लागतो. आणखी एक देणें त्यांच्याकडे असतें. रक्ताची गरज पडली म्हणजे तपासणी करून नोंदून ठेवलेल्या स्वयंसेवकांनाच बोलावणें जातें. आतांच भाजी चिरीत असलेला मनुष्य हात धुऊन येतो, रक्त देतो, व तें अनोळखी रोग्याच्या शरीरांत जातें.

ह्या कामांतील सर्वांत कठीण भाग मात्र जहाजाबाहेर असतो. आलेल्या प्रत्येकावर शस्त्रक्रिया करतां येत नाहीं. कोणाचा रोग शस्त्रक्रियेनें बरा होण्यापलीकडे गेलेला असतो, कोणाच्या रोगाचा जाणकार त्या वेळीं जहाजावर नसतो. लांबून पायपीट करून आलेल्या मनुष्यास "आमच्यानें होणार नाहीं" असें सांगणें, तेंही त्याच्याजवळ बसून व त्याचें बोलणें ऐकून घेऊन, ही सेवा फारच थोड्यांस साधते. कधीं नकार तात्पुरता असतो. ओंठ दुभंगलेलें तान्हें मूल नीट दूध पिऊं शकत नाहीं, म्हणून अशक्त होतें, व अशक्त मुलास भूल देणें धोक्याचें. अशा मुलाच्या आईस प्रथम दूध पाजण्याची रीत शिकवितात, मुलाचें वजन आठवड्यागणिक पाहतात, आणि तें पुरेसें वाढल्यावरच शस्त्रक्रियेचा दिवस ठरवितात. परोपकारासही धीर लागतो, तो असा.

येथें दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. १९९८ सालीं मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशांत 'मिच' नांवाच्या वादळानें हाहाकार उडविला. पुढें उत्तर अमेरिकेंतील मंडळ्यांचे कित्येक गट आठवड्या-दोन आठवड्यांसाठीं तेथें घरें बांधावयास गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञानें या कामाची चौकशी केली. पाहुण्यांनीं बांधलेल्या घरांत राहणारीं कुटुंबें व स्थानिक संस्थांनीं बांधलेल्या घरांत राहणारीं कुटुंबें, यांच्या स्थितींत त्यास फारसा फरक आढळला नाहीं. विटा रचणारे हात त्या देशांतही होतेच. आणि पाहुण्यांच्या प्रवासास लागलेल्या पैशांत आणखी पुष्कळ घरें उभीं राहिलीं असतीं. पाहुण्यांचा हेतु वाईट होता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु जें काम तेथील मनुष्य स्वतः करूं शकतो, तें करावयास समुद्र ओलांडून जावें काय, हा प्रश्न त्यामुळें उभा राहिला, आणि तो योग्यच आहे.

रुग्णालय-जहाजासही या कसोटींतून सुटका नाहीं. जहाज म्हटलें कीं तें आज ना उद्यां नांगर उचलणारच. २०१४ सालीं पश्चिम आफ्रिकेंत इबोलाची सांथ पसरली, तेव्हां 'आफ्रिका मर्सी' तिकडे न जातां मादागास्करकडे वळलें. २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या सांथीमुळें सेनेगालमधील डाकार बंदर त्यास ठरल्या वेळेपूर्वीं सोडावें लागलें. म्हणून केवळ रोगी बरे करून भागत नाहीं, तर त्या देशांतील शल्यवैद्य, भूलतज्ज्ञ, परिचारिका व यंत्रें दुरुस्त करणारे कारागीर यांस शिकविणें हें संस्थेनें आपलें मोठें काम मानिलें आहे. २०२२ सालीं 'ग्लोबल मर्सी' प्रथम डाकारला गेलें, तेव्हां रोग्यांस घेण्यापूर्वीं त्यावर तेथील आरोग्यसेवकांचें शिक्षण चालविलें गेलें.

आमच्या प्रभूनें सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. त्यानें घायाळ मनुष्याच्या जखमा बांधिल्या, त्यास उतारशाळेंत नेलें, दुसऱ्या दिवशीं तेथील रक्षकाच्या हातीं पैसे दिले, आणि तो आपल्या वाटेनें गेला. प्रवाशाचें नांव आपण अजून घेतों, तें उचितच आहे. पण त्यानंतरचे दिवस त्या मनुष्यास पाणी कोणीं दिलें? जखमेवरची पट्टी कोणीं बदलली? तें काम रक्षकाचें. प्रवासी शहाणा होता. आपण राहूं शकत नाहीं हें जाणून त्यानें राहणाऱ्याच्या हातीं काम सोंपविलें, त्याचा खर्च दिला, व परत येऊन हिशेब पुरा करण्याचें वचनही दिलें. परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकानें हा अर्धा भाग विसरूं नये.

तेव्हां, विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं कोणास पुढें परदेशीं सेवेस जाण्याची इच्छा झाली तर ती मनांत अवश्य बाळगा. पण निघण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारा. मला असें कोणतें काम चांगलें येतें, कीं ज्याची तेथें वाण आहे? मला सांगतील तें काम, मग तें भांडीं घासण्याचें असो, मी कुरकुर न करतां करीन काय? आणि मी परत आल्यावर तें काम तेथें कोण चालवील? पालकांसही आमची विनंती आहे कीं, मुलानें अशी इच्छा बोलून दाखविली तर तिला हंसूं नये, आणि लगेच तिकीटही काढूं नये. त्यास आधीं एखादी विद्या किंवा एखादा धंदा पक्का शिकूं द्यावा. शिकलेले हात कोठेंही उपयोगीं पडतात, आणि ते बोटीवर चढले नाहींत तरी आपल्याच गांवच्या उतारशाळेंत त्यांना काम आहे.